छोट्या लिलाव-साइटवर नाणी, तिकिटं, पोस्टकार्डं : घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

ढबू_पैसा (धागाकर्ता)

व्यनितून (व्यक्तिगत निरोपांतून) सारखे दोन प्रश्न येतात. एक, "आजोबांच्या पेटीत जुनी नाणी निघाली, कुठे विकू?" आणि दोन, "अमुक साइटवर शिवराई लागली आहे, बोली लावू का?" (शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं.) प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागा काढतो. माझा विषय मराठा आणि ब्रिटिशकालीन नाणी. तिकिटं आणि पोस्टकार्डांवर जाणकारांनी भर घालावी.

आधी थोडं मागचं. आपल्याकडे ऑनलाइन लिलाव बाझी डॉट कॉमने रुजवला. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली आणि पुढची चौदा वर्षं नाणी-तिकिटंवाल्यांचा मोठा बाजार तिथेच भरत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली आणि सगळे विखुरले. काही व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले, काही फेसबुकवर, आणि उरलेले फक्त संग्राहकांसाठी असलेल्या लहान लिलाव-साइटवर. मी बोलतोय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल. ग्रुपवर बोली लावणं म्हणजे सगळी भिस्त एका ॲडमिनवर. साइटवर निदान बोलीची नोंद राहते, विकणाऱ्याचा मागचा हिशेब दिसतो आणि लॉटचे, म्हणजे लिलावात लावलेल्या वस्तूचे, फोटो नंतरही पाहता येतात.

छोट्या साइटवर उतरण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. लिलावात भाव ठरवतो तो दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. तुम्ही एखाद्या रुपयावर कमाल ३००० ची बोली ठेवली आणि दुसऱ्या कुणाची कमाल १९०० असेल, तर साइट तुमच्या वतीने १९०० च्या वर एक पायरी चढते आणि तिथेच थांबते. तुमचे ३००० कुणाला दिसतही नाहीत. मोठ्या साइटवर हा दुसरा माणूस मिळतोच, शिवाय तिसरा-चौथाही असतो. छोट्या साइटवर एखाद्या विशिष्ट टांकसाळीच्या नाण्याला आठवडाभरात एकच खरा गिऱ्हाईक असू शकतो. मग तीन हजारांचं नाणं सुरुवातीच्या बोलीलाच जातं. घेणाऱ्याची चांदी, विकणाऱ्याचं नुकसान, आणि दोघांपैकी कुणीही लबाडी केलेली नसते.

म्हणून विकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : छोट्या साइटवर एक रुपयापासून लिलाव सुरू करू नका. ज्या आकड्याला नाणं गेलं तरी तुम्हाला रुखरुख लागणार नाही, तोच सुरुवातीचा आकडा ठेवा. चांदीच्या रुपयाला तर हा तळ काढणं अगदी सोपं आहे. राणीछाप किंवा राजाछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी झाली. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा, त्याखाली सुरुवात करायचं कारणच नाही. मात्र १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. हे न पाहता सरसकट "चांदीचा रुपया" लिहिणारे विक्रेते रोज दिसतात. त्यांच्यापासून दोन हात लांब राहा, कारण ज्याला हे माहीत नाही त्याला बाकीचंही माहीत नसतं.

तांब्याला असा तळ नसतो. शिवराईची किंमत तिच्या अक्षरांत असते. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र पति", भोवती ठिपक्यांचं कडं. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे बहुतेक शिवरायांवर काही ना काही कापलं गेलेलं असतं. कुठे "श्री" नाही, कुठे "ति" बाहेर गेलेला. सगळी अक्षरं आणि अर्ध्याहून जास्त ठिपके चकतीवर बसलेली शिवराई दिसली की बोली चढते, आणि ती चढायलाच हवी. याच कारणाने ओतीव खोट्या शिवरायाही अशाच "पूर्ण अक्षरांच्या" निघतात. ओतलेल्या नाण्याची अक्षरं साबणाची वडी वापरून गुळगुळीत व्हावी तशी दिसतात, अक्षरांमधल्या सपाट जागेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेला कानस फिरवल्याच्या खुणा असतात. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांचा उतार कायम राहतो. म्हणून कडेचा फोटो नसलेल्या शिवराईवर मी बोली लावत नाही. विक्रेत्याला साइटच्या प्रश्नोत्तरांत विचारायचं, "कडेचा फोटो आणि वजन टाकाल का?" चांगला विक्रेता त्याच दिवशी टाकतो.

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. देवघरातल्या तांब्याला जे चालतं ते नाण्याला चालत नाही. दीडशे-दोनशे वर्षांत बसलेला रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि घासलेलं नाणं जाणकार फोटोतच ओळखतो.

आणि विकताना दोष आधी लिहा. दागिन्यात वापरलेल्या रुपयाला वरच्या कडेला टाक्याची, म्हणजे कडी झाळून जोडल्याची, खूण असते. ती लपवून विकली तर नाणं परत येणार, वर अभिप्राय खराब होणार. छोट्या साइटवर नेमाने घेणारे थोडेच असतात आणि ते एकमेकांशी बोलतात. "१९०५, एडवर्ड, वरच्या कडेला टाका, मागे हलकी घासणी" असं सरळ लिहिलेल्या लॉटला कमी भाव येतो हे खरं. पण त्याच विक्रेत्याचा बिनटाक्याचा रुपया लागला की लोक डोळे झाकून बोली लावतात.

आता बाकीच्यांनी लिहा.

---

पोस्टाची_पेटी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. तिकिटांचं मी लिहिते.

तिकिटांत घोळ पुढच्या बाजूला कमी आणि मागच्या बाजूला जास्त असतो. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यातली. यातलं दहा रुपयांचं तिकीट प्रत्येक संग्राहकाला हवं असतं, म्हणून त्याची खोटी प्रतही बाजारात भरपूर आहे. न वापरलेलं असेल तर मागचा डिंक पाहायचा. बिजागरीचा, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीचा डाग असेल तर किंमत बरीच खाली येते. म्हणून काही जण डाग घालवून नव्याने डिंक लावतात. तसं केलं की तिकिटाच्या कडेच्या दातऱ्यांच्या टोकांवर डिंक चढतो आणि ती कडक लागतात. मूळ तिकिटाच्या दातऱ्या मऊ, कागदाच्या तंतूंसारख्या असतात. हे फोटोत दिसण्यासाठी मागची बाजू तिरप्या उजेडात धरून फोटो मागा.

याच तिकिटांवर "सर्व्हिस" छापलेली गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठीची प्रत आहे. दहा रुपयांची फक्त शंभर तिकिटं तशी छापली होती, आणि त्यातल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ब्रिटनच्या स्टॅन्ली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकली. ती बातमी आल्यापासून लहान साइटवर "सर्व्हिस" छापलेली गांधी तिकिटं उगवायला लागली. साध्या तिकिटावर घरी शिक्का मारलेली असतात ती. अशा वस्तूला नामांकित तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नसेल तर पुढे जाऊच नये. पाचशे रुपयांतही नाही.

---

किल्लेदार

ढबू पैसा, एका मुद्द्यावर असहमत. सुरुवातीची बोली कमी ठेवणं नेहमीच वाईट नसतं. कमी आकडा पाहून लोक लॉट "पाहात राहा" यादीत टाकतात. एकदा एक बोली लावली की माणसाला ती वस्तू आपली वाटायला लागते. मी ब्रिटिश इंडियाचे पाव आणे, अर्धे पैसे असे ढीग दहा रुपयांपासून लावतो. ते बहुतेक वेळा माझ्या अपेक्षेच्या वर जातात. तेच नग मी शंभरला लावले होते तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

---

ढबू_पैसा

किल्लेदार, तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्या मालाला लागू आहे. पाव आणे घेणारे शेकड्याने आहेत. नवशिके, शाळकरी मुलं, वर्षवार संच लावणारे सगळे तेच घेतात. तिथे दुसरा माणूस हमखास मिळतो, म्हणून कमी सुरुवात फळते. मी म्हणतोय ते एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल. एखाद्या संस्थानाचं अमुक वर्षाचं नाणं, ज्याचे अभ्यासक राज्यात हाताच्या बोटांवर मोजता येतात, ते दहा रुपयांना लावणं म्हणजे त्या दिवशी दुसरा अभ्यासक साइटवर येईल या आशेवर सोडून देणं. अशा नाण्याला राखीव किंमत (ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा) ठेवावी किंवा सुरुवातच योग्य आकड्याला करावी, आणि नाही गेलं तर महिन्याने पुन्हा लावावं. पुन्हा लावण्यात कमीपणा नाही.

वेळही पाहा. बहुतेक छोट्या साइटवर रविवारी रात्री लॉट संपतात, कारण तेव्हा लोक घरी असतात. चांदीच्या रुपयांना दिवाळीच्या आधी मागणी असते, लक्ष्मीपूजनासाठी लोक राणीछाप शोधतात. अभ्यासकांच्या नाण्याला सणाचा उपयोग नसतो, उलट त्या आठवड्यात अभ्यासक गावाला गेलेला असतो.

---

उत्तररात्र

शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारणाऱ्यांचं काय करायचं? दोन लॉट असे हातचे गेले. शेवटपर्यंत मी पुढे होतो आणि एकदम दुसऱ्याच्या नावावर.

---

किल्लेदार

उत्तररात्र, आधी साइटचा नियम वाचा. दोन प्रकार असतात. एका प्रकारात घड्याळ शून्यावर आलं की लिलाव संपला, मग कुणी काहीही करो. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, अगदी सभागृहातल्या लिलावासारखा. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या क्षणाची बोली कामाला येत नाही. पहिल्या प्रकारात एकच उपाय : स्वतःचा खरा कमाल आकडा एकदाच टाकायचा आणि लॅपटॉप बंद करायचा. दुसऱ्याने शेवटच्या सेकंदाला तुमच्या कमाल आकड्याच्या वर बोली लावली, तर ती वस्तू त्याला तुमच्यापेक्षा जास्त हवी होती. त्याच्या आत लावली तर ती तुम्हालाच मिळते. पाच-पाच मिनिटांनी पन्नास रुपये वाढवत बसणारे मात्र हमखास जास्त मोजतात किंवा हमखास हरतात.

आकडा ठरवताना कमिशन धरा. समजा, साइट घेणाऱ्याकडून १५ टक्के घेते. १०,००० ला लॉट लागला की कमिशन १५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७०, म्हणजे ११,७७०. वर टपाल वेगळं, आणि वस्तूवर जीएसटी लागत असेल तर तोही. दहा हजार खर्च करायची तयारी असेल तर बोली साडेआठ हजारांच्या आत ठेवायला हवी.

---

नवशिका

माझ्याकडे ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आहे, शेवटी ७८६. व्हिडिओत सांगतात की अशा नोटेचे लाखो मिळतात. एका साइटवर फोटो टाकला तर लगेच फोन आला, तीन लाख देतो, आधी नोंदणीचे आणि कराचे पैसे भरा म्हणाले. रिझर्व्ह बँकेचं पत्रही पाठवलं. काय करू?

---

पोस्टाची_पेटी

एक पैसाही पाठवू नका. ते पत्र खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, आणि बँक त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. ट्रॅक्टरची नोट आजही चलनात आहे आणि भरपूर आहे. ७८६ क्रमांकासाठी हौशी लोक थोडे जास्त देतात, बस. लाखांच्या गोष्टी व्हिडिओवाल्यांच्या.

साधी खूण लक्षात ठेवा. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागितले की ती फसवणूक. "पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" म्हणालं कुणी तर तेही तेच. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

---

नवशिका

नाही भरले अजून. त्यांचा नंबर ब्लॉक करतो. खूप आभार.

---

चिंचपोकळी

मला याच धाग्यात "ईस्ट इंडिया कंपनी १८१८, राम दरबार" वाल्या जाड नाण्यांबद्दल लिहायचंय, कारण मुंबईत चोरबाजारापासून ते ऑनलाइनपर्यंत सगळीकडे ती आहेत आणि लोक देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून पाच-पाच हजार देतात. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती, दुसऱ्या बाजूला "यूकेएल वन आना", साल १६१६, १७१७, १८१८ काहीही. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलं नाही. हे अलीकडच्या काळात बनवलेले बिल्ले आहेत. काही विक्रेते ते तांदूळ ओढून घेतं वगैरे सांगतात. भक्तीचा भाग वेगळा, रामाची मूर्ती हवी असेल तर चांगली मूर्ती घ्या. पण अशा बिल्ल्याला "दुर्मीळ प्राचीन नाणं" म्हणून लिलावात लावणारा विक्रेता दिसला की त्याच्या बाकीच्या सगळ्या लॉटवर फुली मारा. मी हा नियम कडक पाळतो.

---

कायद्याचं_बोला

दोन-तीन गोष्टी कायद्याच्या बाजूने, कारण छंदाच्या नादात लोक त्या विसरतात.

पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा, १९७२. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्या कायद्याच्या व्याख्येत पुरावस्तू आहे. ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशी साइटवर भारतात बसून शिवराई विकून लंडनला पाठवली, तर तो गुन्हा आहे. देशातल्या देशात स्वतःचं नाणं बाळगायला हरकत नाही, पण पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. ज्या साइटवर नियमित प्राचीन नाणी लागतात तिथे विक्रेत्याचा परवाना क्रमांक दिसतो का, ते पाहा.

दुसरं, भूमिगत धन कायदा, १८७८. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना पुरलेली नाणी निघाली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये हा १८७८ चा आकडा तसाच आहे, म्हणजे व्यवहारात प्रत्येक हंडा त्यात येतो. "गावाकडे शेतात सापडलेली" असं वर्णनात लिहिणारे विक्रेते मी पाहिले आहेत. असा लॉट घेऊ नका. घेणारासुद्धा अडचणीत येतो. शिवाय हंडा फुटून नाणी दहा ठिकाणी विकली गेली की त्या जागेचा इतिहास कायमचा जातो. कुठली नाणी कुठल्या नाण्यांबरोबर पुरली होती, यावरूनच अभ्यासक काळ ठरवतात.

तिसरं, खोट्या बोल्या. विकणारा स्वतःच दुसऱ्या खात्यावरून किंवा मित्राकडून बोली चढवतो. वस्तुविक्रय कायदा १९३०, कलम ६४ मध्ये हे स्पष्ट आहे : विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल तर त्याला बोली लावता येत नाही, आणि भाव फुगवायला खोटी बोली लावली असेल तर घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. कायदा ऑनलाइनच्या कितीतरी आधीचा आहे, पण लिलाव तो लिलावच.

---

आजीचा_डबा

खोट्या बोल्यांवरून माझा अनुभव. एका लहान साइटवर (नाव लिहीत नाही) मी होळकरांच्या एका रुपयावर बोली लावली. सलग तीन लॉटमध्ये मला वर वर नेणारं खातं एकच होतं, शून्य अभिप्रायांचं. त्या खात्याने त्या विक्रेत्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही लॉटवर कधी बोली लावली नव्हती. एकदा ते खातं "जिंकलं", आणि दोन आठवड्यांनी तोच रुपया, कडेवरच्या त्याच ओरखड्यासकट, पुन्हा लिलावात. मी दोन्ही लॉटचे स्क्रीनशॉट साइटला पाठवले. पंधरा दिवस उत्तर नाही.

---

कायद्याचं_बोला

आजीचा डबा, तुम्ही पुरावा छान जमवला आहे. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम छोट्या साइटलाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असलाच पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. त्या अधिकाऱ्याच्या नावाने लेखी मेल करा, नियमाचा उल्लेख करा. तरीही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझ्या पाहण्यात नियमाचा उल्लेख असलेल्या मेलला साइट लवकर उत्तर देतात.

---

आजीचा_डबा

करते. काय होतं ते इथे कळवीन.

---

डच_खिडकी

नेदरलँड्समधून लिहितेय. माझा विषय जुन्या मुंबई-पुण्याची चित्र-पोस्टकार्डं. ही कार्डं भारतात कमी आणि युरोपात जास्त सापडतात, कारण इथून गेलेल्या साहेब-मेमसाहेबांनी आणि सैनिकांनी ती घरी पाठवली आणि ती अल्बममध्ये शंभर वर्षं जपली गेली. मी बहुतेक डेलकांप या बेल्जियमच्या साइटवर घेते. ती २००० पासून चालू आहे, फक्त संग्राहकांची. ईबेच्या तुलनेत लहान, पण विकणारे बरेचसे स्वतःच संग्राहक आहेत.

शोधताना आपल्या स्पेलिंगने शोधू नका. "पुणे" टाकलं तर हाताला फारसं काही लागत नाही. जुनं इंग्रजी "पूना", कधी "पूनाह", खडकीसाठी "किर्की", आणि फ्रेंच विक्रेत्यांसाठी "आँद आंग्लेज", म्हणजे इंग्रजांचा हिंदुस्थान. कित्येक विक्रेत्यांना मुंबई कुठे आणि मद्रास कुठे हे माहीत नसतं, म्हणून "भारत" या विभागातली सगळी पानं चाळायलाच लागतात. माणसाने वर्णनात काही लिहिलं नसेल आणि तुम्ही चित्र पाहून जागा ओळखली, की दुसरा बोली लावणारा नसतो. धागाकर्त्यांनी लिहिलेला दुसऱ्या माणसाचा मुद्दा इथे घेणाऱ्याच्या बाजूने काम करतो.

व्हिक्टोरिया टर्मिनसची कार्डं ढिगाने आहेत, त्यांना भाव नाही. देवळालीच्या लष्करी छावणीची, महाबळेश्वरच्या बाजाराची, एखाद्या छोट्या स्टेशनाची कार्डं मात्र चटकन जातात. आणि नेहमी मागची बाजू पाहा. माझ्याकडे अपोलो बंदराचं एक अगदी साधं, पिवळं पडलेलं कार्ड आहे. मागे निळ्या शाईत चार ओळी, बुडाचा एक कोपरा फाटलेला, आणि तिकिटावर "सी पोस्ट ऑफिस"चा शिक्का. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या पी अँड ओ या आगबोट कंपनीच्या जहाजांवर टपाल छाटणारी कचेरी होती, १८६८ पासून १९१४ पर्यंत. पत्र बोटीवर चढल्यावर वर्गीकरण होताना तो शिक्का पडला. विक्रेत्याने फक्त चित्राचा फोटो टाकला होता. मी मागचा मागितला, तेव्हा शिक्का दिसला. चित्राची किंमत दोन युरो, शिक्क्याची त्याच्या कितीतरी पट.

आणखी एक. कार्डाच्या चित्राभोवतीच मजकूर लिहिलेला असेल आणि मागे पत्त्याशिवाय काही नसेल तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. तेव्हा मागच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती. ब्रिटनने ती १९०२ मध्ये दिली, इतर देशांनी पुढच्या काही वर्षांत. विक्रेता "१९२० चं" म्हणत असला तरी हे पाहून तुम्हाला खरा काळ कळतो.

---

पोस्टाची_पेटी

डच खिडकी, काय सुंदर लिहिलंत. सी पोस्टच्या शिक्क्यांवर तुम्ही वेगळा धागा काढाच. अशी कार्डं परत इकडे येतायत हे वाचून फार बरं वाटलं.

---

उत्तररात्र

टपालाचं कुणी लिहिलं नाही. नाणं पाठवायचं कसं?

---

किल्लेदार

नाणं कधीही नुसत्या पाकिटात टाकू नका. टपालाची वर्गवारी होताना पाकीट वाकतं, नाणं कड कापून बाहेर पडतं आणि तुमच्या गिऱ्हाइकाला रिकामं पाकीट मिळतं. नाणं कागदी होल्डरमध्ये, होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारी बाजूंनी चिकटपट्टी, म्हणजे आत हलायला जागाच नको. हलवून पाहा, आवाज आला तर पुन्हा बांधा. होल्डरच्या स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टच. महागड्या वस्तूला विमा उतरवा आणि पावती जपून ठेवा. वर "नाणी" असं लिहू नका. घेणाऱ्याने पाकीट उघडताना न थांबवता व्हिडिओ काढावा, आधी न उघडलेलं पाकीट सगळ्या बाजूंनी दाखवून. वाद झाला तर तोच कामाला येतो, दोघांच्याही.

---

तिसरी_पिढी

इतकं वाचून विचारायचं धाडस करते. सासऱ्यांच्या मागे एक लाकडी पेटी मिळाली. त्यात पंचवीस-तीस चांदीचे रुपये, काही तांब्याची नाणी, दोन पाकिटांत तिकिटं. सासूबाईंची इच्छा आहे की ज्यांना कदर आहे अशा लोकांकडे जावीत, सराफाकडे वितळायला नकोत. एक विक्रेता घरी येऊन सगळं एकरकमी घेतो म्हणतोय. रुपयांतला एक १९३९ चा आहे असं मुलाने सांगितलं, त्याला काही महत्त्व आहे का?

---

ढबू_पैसा

ताई, एकरकमी काही देऊ नका. त्याला आत्ता फक्त "विचार करतो" सांगा आणि पेटी त्याच्या हातात देऊ नका.

१९३९ ला महत्त्व आहे. सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयांत तो सगळ्यांत दुर्मीळ, पुढच्या वर्षीपासून चांदी निम्मी झाली. पण नेमकं म्हणूनच १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा खरवडून ९ केलेले नग फिरतात. बहिर्गोल भिंगाखाली त्या ९ च्या भोवतालची जागा पाहा. बाकीच्या तीन आकड्यांच्या भोवती जशी चकाकी आहे तशीच तिथे हवी. तिथेच मंद किंवा ओरखडलेलं दिसलं तर शंका घ्यायची. सोनाराच्या काट्यावर वजनही करून घ्या, ११.६६ च्या आसपास हवं. काटा पाहायला जा, पण नाणं सोनाराकडे ठेवून येऊ नका.

बाकी रुपये साल आणि राजा किंवा राणीनुसार वेगळे करा. टाका असलेले बाजूला. काहीही पुसू नका, अगदी फडक्यानेही नाही. तिकिटांची पाकिटं पोस्टाच्या पेटीताईंना दाखवल्याशिवाय उघडून पाण्यात टाकू नका, लोक पाकिटावरची तिकिटं सोडवतात आणि अख्ख्या पाकिटाची किंमत घालवतात.

१९३९ चा खरा निघाला तर तो छोट्या साइटवर न लावता एखाद्या परवानाधारक, जुन्या लिलाव-संस्थेकडे द्या. तिथे छापील यादी निघते, देशभरातले गिऱ्हाईक सभागृहात आणि ऑनलाइन एकाच वेळी असतात, म्हणजे दुसरा माणूसही मिळतो आणि तिसराही. साधे रुपये मात्र छोट्या साइटवर एकेक करून लावा. सासूबाईंना हवे तसे कदर असलेले हौशी लोक तिथेच आहेत.

प्रत्येक नाण्याचे तीन फोटो काढा : पुढची बाजू, मागची बाजू, कड. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. १९३९ चे आधी टाका, आज रात्री पाहतो.

---

तिसरी_पिढी

उद्या सकाळी उजेडात काढून टाकते. त्या विक्रेत्याला आत्ताच नको म्हणून कळवलं.